वजन कमी करण्याची औषधं: सुरू करण्याआधी काय तपासायचं, त्रास झाला तर काय करायचं

मार्च 2025 मध्ये माउंजारो (तिर्झेपटाइड) भारतात आलं, जूनमध्ये वेगोव्ही (सेमाग्लुटाइड) आलं. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची इथली मुदत मार्च 2026 ची, त्यामुळे देशी कंपन्याही या धंद्यात उतरल्या. परिणामी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दवाखान्यापासून जिममधल्या गप्पांपर्यंत आठवड्याच्या इंजेक्शनचा विषय पोचला आहे. औषध गुणकारी आहे यात वाद नाही. आहार-व्यायामासोबत 68 आठवडे सेमाग्लुटाइड 2.4 मिलिग्रॅम घेणाऱ्यांचं वजन मोठ्या चाचणीत सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास उतरलं होतं. पण 68 आठवडे म्हणजे सव्वा वर्ष झालं. हेच वजन लग्नसराईच्या आत उतरवायचं म्हणून डोस पळवला की त्रास सुरू होतो. या औषधांच्या दुष्परिणामांतला मोठा वाटा घाईचा आणि शरीरातलं पाणी कमी पडण्याचा असतो, आणि ते दोन्ही आपल्या हातात असतं.

हातात नेमकं कोणतं औषध आहे?

डब्यावरचं कंपनीचं नाव बाजूला ठेवा आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं मूळ औषधाचं नाव वाचा. ओझेम्पिक, वेगोव्ही आणि रायबेल्सस या तिन्हींत सेमाग्लुटाइडच असतं. पहिली दोन म्हणजे आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं, तिसरी रोजची गोळी. ओझेम्पिक आणि रायबेल्ससला मान्यता मधुमेहासाठी आहे, वेगोव्हीला वजनासाठी. दोन डॉक्टरांकडून दोन वेगळ्या नावांनी एकच औषध घेतलं जाणं ही कल्पनेतली भीती नाही, म्हणून सगळ्या चिठ्ठ्या एकाच फाइलमध्ये ठेवा. मधुमेहासाठी सिटाग्लिप्टिन किंवा विल्डाग्लिप्टिन चालू असेल तर तेही सांगा. ती गोळी आणि सेमाग्लुटाइड शरीरात एकाच वाटेनं काम करतात, त्यामुळे सोबत घेऊन फारसा जादा फायदा होत नाही.

लिराग्लुटाइड याच कुळातलं, पण रोज टोचायचं. ऑर्लिस्टॅटची कॅप्सूल अगदी वेगळी आहे. ती भुकेवर नाही, आतड्यातल्या चरबीच्या पचनावर काम करते. तिचं पुढे पाहू.

पहिल्या इंजेक्शनआधी

वेगोव्ही आणि माउंजारो या औषधांसाठी बीएमआय 30 किंवा त्याहून जास्त, किंवा 27 किंवा त्याहून जास्त आणि सोबत मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल असा आजार, ही मर्यादा आहे. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची 1.60 मीटर आणि वजन 77 किलो असेल तर तो 30 भरतो. चार-पाच किलो उतरवण्यासाठी हे औषध नाही. डॉक्टर 'तुम्हाला गरज नाही' म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरच्या शोधात निघू नका.

साधारण या तपासण्या आधी करून घेतलेल्या बऱ्या: उपाशीपोटी साखर आणि एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), लिव्हरच्या चाचण्या, लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल), टीएसएच (थायरॉईड). मधुमेह असेल तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी सोडू नका. साखर झपाट्यानं खाली आली की आधीपासून खराब असलेला पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखण्याचा इतिहास असेल तर पोटाची सोनोग्राफी करून पित्ताचे खडे आहेत का ते पाहा.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी पुढच्या गोष्टी आपण होऊन सांगा:

- स्वतःला किंवा घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉईडचा कॅन्सर झाला होता का, किंवा एमईएन-2 हा आनुवंशिक आजार आहे का. असेल तर ही इंजेक्शनं नाहीत. नेहमीचा 'थायरॉईड', म्हणजे थायरॉक्सिनची गोळी चालू असलेला, हा वेगळा. त्यामुळे औषध नाकारलं जात नाही.
- पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली होती का.
- पोट संथ रिकामं होण्याचा आजार आहे का.
- पुढच्या काही महिन्यांत दिवस राहावेत असा विचार आहे का. सेमाग्लुटाइड किमान 2 महिने आधी बंद करावं लागतं, तिर्झेपटाइड किमान 1 महिना. अंगावर पाजणाऱ्या आईनंही ही औषधं टाळायची.

गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांना हे सांगायचं बऱ्याचदा राहून जातं: तिर्झेपटाइडमुळे गोळीचा असर कमी होऊ शकतो. सुरुवातीचे 4 आठवडे आणि दर वेळी डोस वाढवल्यानंतरचे 4 आठवडे कंडोमसारखं दुसरं साधन वापरा. पीसीओडी असलेल्यांचं वजन उतरलं की पाळी नियमित होते, दिवस राहण्याची शक्यताही वाढते. 'मला कुठे राहतात' या भरवशावर राहू नका.

डोसची शिडी

वेगोव्ही 0.25 मिलिग्रॅमपासून सुरू होतं. दर 4 आठवड्यांनी 0.5, 1, 1.7 आणि शेवटी 2.4. माउंजारो 2.5 मिलिग्रॅमनं सुरू करतात, 4 आठवड्यांनी 5, आणि पुढे गरज असेल तरच दर किमान 4 आठवड्यांनी 2.5 ची भर घालत जास्तीत जास्त 15. पहिला डोस वजन उतरवण्यासाठी नसतोच, आतड्यांना सवय लागावी म्हणून असतो. पहिल्या महिन्यात काटा फारसा हलला नाही म्हणून दुसरं इंजेक्शन लवकर टोचणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. औषध आठवड्याहून जास्त काळ रक्तात राहतं. एकदा जास्त गेलं की बाहेर काढता येत नाही, उलट्या निस्तरत बसावं लागतं.

उलटं मात्र चालतं. एखाद्या पायरीवर त्रास होत असेल तर तिथेच आणखी 4 आठवडे थांबता येतं, किंवा डॉक्टरांना विचारून एक पायरी खाली येता येतं. 1 मिलिग्रॅमवर भूक आटोक्यात असेल आणि वजन उतरत असेल तर 2.4 गाठलंच पाहिजे असं काही नाही.

इंजेक्शन विसरलं तर नियम औषधागणिक बदलतो. वेगोव्हीत पुढच्या डोसला 2 दिवसांहून जास्त अवधी असेल तर आठवल्यावर घ्या, नाहीतर तो डोस सोडा. माउंजारोत ठरलेल्या दिवसानंतर 4 दिवसांच्या आत घेता येतं. दोन किंवा जास्त डोस हुकले तर जुन्याच डोसवर उडी मारू नका, डॉक्टरांना फोन करा. बऱ्याचदा खालच्या पायरीपासून पुन्हा चढावं लागतं.

आता कुपी आणि सिरिंज. पेनवर डोस फिरवून घेता येतो, कुपीतून सिरिंजनं ओढावा लागतो, आणि घोटाळा इथेच होतो. इन्सुलिनच्या सिरिंज दोन प्रकारच्या मिळतात. लाल टोपीची यू-40, तिच्यात 1 मिली म्हणजे 40 रेघा (युनिट). नारिंगी टोपीची यू-100, तिच्यात 1 मिली म्हणजे 100 रेघा. माउंजारोची कुपी 0.5 मिलीची, म्हणजे यू-100 वर 50 रेघा आणि यू-40 वर 20 रेघा. कुणी यू-100 डोळ्यांसमोर ठेवून '20 युनिट घे' म्हणालं आणि घरात लाल टोपीची सिरिंज असली तर 0.2 ऐवजी 0.5 मिली जातं, म्हणजे थेट अडीचपट. डोस कायम मिलिग्रॅममध्ये आणि मिलीमध्ये लिहून घ्या, 'रेघा' हा शब्द चालवून घेऊ नका. एका माणसासाठीची कुपी दोघा-तिघांत वाटून घेणं तर जंतुसंसर्गाला आवतण.

टोचणं आणि ठेवणं

पोटावर बेंबीपासून चार-पाच सेंटिमीटर सोडून, मांडीच्या पुढच्या बाजूला, किंवा दुसऱ्या कुणाकडून दंडाच्या मागे. दर आठवड्याला जागा बदला. अनेक डोसच्या पेनला दर वेळी नवी सुई लावा. पहिल्या वापराआधी थेंब येतो का ते पाहा. बटण दाबल्यावर पत्रकात सांगितलेत तितके आकडे मोजूनच सुई काढा. टोचल्यावर औषधाचा मोठा थेंब कातडीवर राहिला म्हणून दुसरा डोस घ्यायचा नाही. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत झाकण लावून ठेवा आणि दवाखान्यात जमा करा. घंटागाडीत सुटी सुई टाकली तर ती कचरा वेचणाऱ्याच्या हातात घुसते.

न वापरलेलं पेन 2 ते 8 अंशांत, म्हणजे फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, बर्फाच्या कप्प्याखाली चिकटूनही नको. गोठलेलं पेन विरघळल्यावर नेहमीसारखंच दिसतं, पण ते वापरायचं नाही. पुण्या-मुंबईहून आणताना बर्फाच्या पिशवीला थेट टेकवू नका, मध्ये टॉवेल घाला. वापरायला काढलेलं पेन 30 अंशांखाली किती दिवस चालतं हे प्रत्येक औषधाचं वेगळं असतं, ते पत्रकात पाहून उघडल्याची तारीख पेनवरच लिहा. एप्रिल-मे मधली कोल्हापूरची दुपार 30 अंशांच्या बरीच वर जाते, तेव्हा उघडलेलं पेनही फ्रीजमध्येच बरं. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर कधीच नाही.

मळमळ, करपट ढेकर आणि आपलं ताट

ही इंजेक्शनं पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतात. दुपारचं जेवण संध्याकाळीही थोडं पोटात असतं. भूक लागत नाही ती यामुळेही, आणि मळमळते तेही यामुळेच. डोस वाढल्यानंतरचे पहिले काही दिवस जास्त जड जातात, मग बहुतेकांना सवय होते.

चरबी पोटातून सगळ्यात उशिरा पुढे सरकते. त्यामुळे वर बोटभर कट तरंगणारी मिसळ, तेलाचा तवंग आलेला तांबडा रस्सा आणि त्यावर खिमा, हे सगळं एका बैठकीत झालं की रात्री कुजक्या अंड्यासारखे ढेकर आणि पहाटे उलटी ठरलेली. बंदी घालायचं कारण नाही, पण ताटाची मांडणी बदलावी लागते. मटणाच्या चार फोडी आणि भाकरी आधी, रस्सा अर्धी वाटी आणि तोही वरचा कट बाजूला करून. पांढरा रस्सा फिका दिसतो म्हणून हलका समजला जातो, पण त्यात ओलं खोबरं, काजू, खसखस असते. चरबीत तो तांबड्याला हार जात नाही. मिसळ खायचीच असेल तर मटकी जास्त, फरसाण कमी, कट वेगळ्या वाटीत. इंजेक्शनच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी नकोच. आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेचं मटण ठरलेलं असेल तर त्याच आठवड्यात डोस वाढवू नका, एक आठवडा पुढे ढकला.

रोजच्या पातळीवर उपयोगी पडणारं:

- नेहमीच्या निम्म्या आकाराचं ताट घ्या, हळू जेवा. पोट भरल्याची पहिली जाणीव झाली की थांबा. 'ताटात टाकायचं नाही' म्हणून संपवलेले शेवटचे चार घास उलटीला कारण होतात.
- जेवताना तांब्याभर पाणी नको. पाणी मधल्या वेळात घोटाघोटानं.
- जेवल्यावर दोन तास आडवं होऊ नका. रंकाळ्याच्या काठानं संथ फेरी चालेल.
- मळमळीच्या दिवशी भाताची पेज, मुगाचं कढण, पातळ ताक, कोरडी भाकरी. आल्याचा तुकडा काहींना बरा पडतो.
- दारू मळमळ वाढवते आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांसोबत साखर खाली नेते.

बद्धकोष्ठता अनेकांना मळमळीपेक्षा जास्त दिवस छळते. खाणंच कमी झाल्यावर चोथाही कमी होतो. भाजी, पेरू, भिजवलेल्या मनुका वाढवा. इसबगोल घेत असाल तर भरपूर पाण्यासोबतच घ्या, कोरडा गिळला तर तो उलट अडकतो. पोट फुगलंय, वायूही सरत नाही आणि उलट्या होतायत, असं झालं तर घरगुती जुलाबाचं औषध देऊ नका, दवाखाना गाठा.

पाणी कमी पडलं की मूत्रपिंडावर येतं

भूक कमी होते तशी कित्येकांची तहानही कमी होते, त्यात उलटी-जुलाब. दिवसभरात लघवी एक-दोनदाच, तीही गडद पिवळी, उभं राहिल्यावर डोळ्यांसमोर अंधारी: हे पाणी कमी पडल्याचं लक्षण. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण मिसळून, दर पाच मिनिटांनी दोन-तीन घोट घ्या. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहा. फळांच्या चवीचं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे.

चालू गोळ्यांचं गणितही बदलतं. रक्तदाबाच्या गोळीत टेल्मिसार्टन किंवा लघवी वाढवणारं औषध असेल आणि दिवसभर उलट्या होत असतील, तर त्या दिवशी ती घ्यायची की नाही हे डॉक्टरांना फोन करून विचारा. अंग दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, कोरड्या पडलेल्या मूत्रपिंडाला ते नडतं. डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी गोळी चालू असेल तर जास्त सावध राहा. खाणं बंद आणि उलट्या चालू असताना ती घेतली तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. धाप लागली, पोट दुखू लागलं की तातडीनं दाखवा.

ग्लिमेपिराइड (मधुमेहाची गोळी) किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी इंजेक्शन सुरू होण्याच्या दिवशीच त्यांचा डोस कमी करायचा का हे विचारून घ्यावं. घाम, थरथर, धडधड आणि साखर 70 च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. गुळाचा खडा चघळत बसण्यापेक्षा साखरपाणी लवकर चढतं. नवरात्रात अंबाबाईचे नऊ दिवसांचे उपवास किंवा चैत्रात उन्हातून जोतिबाचा डोंगर चढणं असेल तर आठ-दहा दिवस आधी डॉक्टरांशी बोला. निर्जळी उपवास या औषधांवर नको. साबुदाण्याची तुपाळ खिचडी उपवासाला चालते, पण संथ पोटाला चालत नाही.

घरी थांबायचं नाही असे त्रास

- पोटाच्या वरच्या भागात न थांबणारी कळ, पाठीकडे जाणारी, सोबत उलट्या: स्वादुपिंडाची सूज असू शकते. पुढचं इंजेक्शन टोचू नका.
- उजव्या बरगडीखाली किंवा उजव्या खांद्याकडे कळ, ताप, डोळे पिवळे: पित्ताच्या खड्यांचा त्रास. वजन झपाट्यानं उतरलं की खडे होण्याची शक्यता औषधाशिवायही वाढते.
- 24 तास पाणीही पोटात टिकत नाही, किंवा सात-आठ तास लघवीच नाही.
- एका डोळ्यानं अचानक अंधुक दिसणं किंवा दिसेनासं होणं, दुखत नसलं तरी. युरोपीय औषध नियामकांनी जून 2025 मध्ये सेमाग्लुटाइडसोबत डोळ्याच्या नसेचा एक अति दुर्मीळ विकार नोंदवला आहे.
- चेहरा, ओठ, घसा सुजणं, श्वास अडखळणं.

108 ला फोन करा किंवा सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय), नाहीतर जवळचं जे इस्पितळ असेल तिथे जा. कोणतं इंजेक्शन, किती मिलिग्रॅम, शेवटचं कधी घेतलं, या तीन गोष्टी मोबाइलमध्ये आधीच लिहून ठेवा. कुठलंही ऑपरेशन किंवा एंडोस्कोपी ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना निदान दोन आठवडे आधी सांगा. रात्रभर उपाशी राहूनही पोटात अन्न असू शकतं, आणि भुलीत ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

ऑर्लिस्टॅट

120 मिलिग्रॅमची कॅप्सूल, तिन्ही मुख्य जेवणांसोबत किंवा जेवणानंतर तासाभरात. जेवणातल्या चरबीचा सुमारे 30 टक्के भाग न पचता बाहेर पडतो, आणि तो कुठून बाहेर पडतो हे ऐन मिरवणुकीत कळलं तर पंचाईत. तेलकट शौच, अचानक घाई, वाऱ्यासोबत कपड्याला तेल लागणं हे जेवण किती तुपाळ होतं त्यावर ठरतं. जेवण चुकलं किंवा त्यात तेल-तूप नव्हतं तर त्या वेळची कॅप्सूल सोडा. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं चरबीसोबत वाहून जातात, म्हणून मल्टिव्हिटॅमिन झोपताना, कॅप्सूलपासून किमान 2 तास अंतरानं. थायरॉक्सिनमध्ये 4 तासांचं अंतर. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) घेणाऱ्यांनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याची चाचणी, लवकर-लवकर करावी.

रायबेल्ससची गोळीही वेळेची पक्की. सकाळी उपाशीपोटी, अर्ध्या पेल्यापेक्षा जास्त नाही इतक्या साध्या पाण्यासोबत (120 मिलीपर्यंत), आणि पुढची 30 मिनिटं चहा नाही, दुसरी गोळीही नाही. चहासोबत घेतली तर बरीचशी वाया जाते.

चरबीसोबत स्नायूही जातात

उतरलेल्या वजनातला काही भाग स्नायूंचा असतो. जिना चढताना मांड्या भरून येणं, बरणीचं झाकण न उघडणं हे त्याचे इशारे. ज्या गावात तालमी आहेत तिथे जोर-बैठका शिकवायला लांब जावं लागणार नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस खुर्चीला धरून बैठका, भिंतीला टेकून जोर, एवढ्यावर सुरुवात करा. प्रथिनं शरीराच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण 1 ते 1.2 ग्रॅम. अंड्यात 6 ग्रॅम, शिजलेल्या डाळीच्या वाटीत 6-7, म्हशीच्या पेलाभर दुधात 9 च्या आसपास. भूक कमी असते, म्हणून ताटातलं डाळ, अंडं, मासा, चिकन आधी संपवा, भात शेवटी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवावं. तीन-चार महिन्यांनी केस गळू लागले तर बहुधा ते वजन झपाट्यानं उतरल्यामुळे असतं आणि थांबतं, तरी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी12 पाहून घ्या.

नकली माल

ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, मेडिकलमधूनच, बिल घेऊन. डब्यावरचा आणि पेनवरचा बॅच नंबर एकच आहे का पाहा. जून 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं नकली सेमाग्लुटाइडबद्दल जगभर इशारा दिला होता. व्हॉट्सअॅपवर विकलं जाणारं, फ्रीजविना कुरियरनं येणारं पेन खरं असलं तरी उन्हात निकामी झालेलं असू शकतं. 'शंभर टक्के आयुर्वेदिक' पावडरींचा धोका वेगळा. भारतात 2011 मध्ये बंदी आलेलं सिब्युट्रामिन अशा मालात जगभर सापडत आलं आहे. पावडर घेतल्यावर तोंड कोरडं पडतंय, झोप उडालीय, छातीत धडधडतंय आणि रक्तदाब वाढलाय, तर ती 'शरीरशुद्धी' नव्हे. पावडर बंद करा, डबा जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाला 1800-222-365 वर कळवा. औषधाच्या दुष्परिणामांची नोंद रुग्णाला स्वतःही करता येते, त्यासाठी राष्ट्रीय क्रमांक 1800-180-3024.

बंद करताना

सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोनतृतीयांश परत आल्याचं चाचणीतच दिसलं आहे. भूक परत येते, त्यात माणसाचा दोष नसतो. म्हणून पैसे संपले म्हणून महिनाभर बंद, मग पुन्हा थेट मोठा डोस, असा झोका घेऊ नका. सुरू करण्याआधीच वर्षभराच्या खर्चाचा हिशेब मांडा. थांबवायचं ठरलं तर डॉक्टरांसोबत डोस उतरवत आणा, दर आठवड्याला एकाच दिवशी सकाळी वजन लिहा, आणि दोन-तीन किलो वाढल्याबरोबर भेटायला जा, दहा किलोची वाट पाहू नका. इंजेक्शनमुळे कमी केलेल्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या आता पुन्हा वाढवाव्या लागतील का, हे पहिल्या महिन्यातच तपासून घ्या.